ओळखलं का, असं विचारू नका

वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

या वेळी तीनही प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेलं आपलं माणूस नर्सिंग होममध्ये आहे आणि आपण भेटायला जातो, तर त्या भेटीत करायचं काय. पत्रं पुष्कळ आलीत. नाव कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याला असते, नोकरी करते. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७९, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होते. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि मग त्यांचं विसरणं एकदम उघड्यावर आलं, आई सगळं झाकून घ्यायची हे आता कळतंय. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा रात्री घरातनं निघाले ते हरिपूर रोडला सापडले. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. भाऊ पुण्याला, मी इकडं, शेवटी मागच्या वर्षी सांगलीतच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. दर रविवारी सातची एसटी पकडून मी जाते, जाताना कंदी पेढे नेते. गेल्या गेल्या विचारते, अण्णा ओळखलं का? कधी नुसतं हसतात, मागच्या रविवारी म्हणाले, "आपण कुठल्या गावच्या?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. "तुझी आई कुठाय, दूध आणायला गेली ती आलीच नाही" हे तर दर पंधरा मिनिटाला. पहिल्यांदा मी खरं सांगितलं तर लहान पोरासारखे रडले आणि थोड्या वेळानं परत तोच प्रश्न. निघताना माझी बॅग बघितली की "मलापण घरी ने" म्हणून हात धरतात. आत्या म्हणते, त्याला काय कळतंय, तू गेलीस काय न गेलीस काय, उगं जिवाला त्रास करून घेतीस. मिस्टर म्हणतात महिन्यातनं एकदा जा. खरंच जाऊन काही उपयोग आहे का? आणि गेले तर बोलू काय?

उत्तर : जात राहा. आत्याबाई आणि मिस्टर दोघंही तुमच्या काळजीनंच बोलतायत, त्यांच्यावर रागवू नका. दर रविवार झेपत नसेल तर पंधरा दिवसांनी जा, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत जायला तीन तास, यायला तीन तास आणि दुसऱ्या दिवशी परत ऑफिस, हे सोपं नाहीये आणि दोन रविवार चुकले म्हणून तुम्ही वाईट मुलगी ठरत नाही. पण त्यांना कळत नाही म्हणून जाणं सोडू नका, कारण त्यांना कळतं.

आधी माझं सांगते. माझी आई मिरजेत अशाच एका ठिकाणी चार वर्षं होती. पहिलं वर्षभर मी अगदी हेच केलं, खोलीत पाय ठेवला की आई मी कोण सांग, हा फोटो कुणाचा सांग, आज वार कुठला, आणि तिनं बरोबर सांगितलं की मी खूश, नाही सांगितलं की माझा दिवस गेला. एकदा ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, मला नाही येत उत्तर, दुसरीला विचारा ना." ती शाळेत होती हो. दुसरी-तिसरीतली पोरगी फळ्याजवळ उभी केलेली आणि समोर बाई म्हणून मी. त्या दिवसानंतर मी तिला असा एकही प्रश्न विचारला नाही ज्याचं उत्तर तिला आठवून द्यावं लागेल.

तर "ओळखलं का" हे आधी बंद करा. दारातनंच आपण सांगायचं, "अण्णा, मी आले, तुमची थोरली, साताऱ्याची." मागनं जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, दचकतात, समोरनं जायचं, खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या उंचीला बसायचं आणि मग हात हातात घ्यायचा. टीव्ही चालू असेल तर स्टाफला विचारून बंद करा. चष्मा डोळ्यावर आहे का आणि त्यांचाच आहे का बघा, कानाचं मशीन असेल तर त्याचा सेल तपासा. हसू नका, माझ्या आईच्या कानात दीड महिना बंद पडलेलं मशीन होतं आणि आम्ही सगळे म्हणत होतो की आजार वाढला.

आता ओळखत का नाहीत ते. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक छोटा भाग आहे, नवी आठवण पक्की करायचं काम त्याचं, आणि अल्झायमर या डिमेन्शियात तोच लवकर बिघडतो. म्हणून सकाळी उपीट खाल्लं का शिरा ते सांगता येत नाही पण पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या गावची हळद आली होती ते सांगतात. अलीकडचं आधी पुसतं, जुनं मागं राहतं. म्हणजे अण्णांच्या डोक्यात तुम्ही आहातच, फक्त दोन वेण्या घालून दप्तर घेतलेल्या आहात, आणि समोर येऊन बसलीय केस पिकायला लागलेली एक बाई. त्यांनी तुम्हाला "आपण कुठल्या गावच्या" म्हणून विचारलं ते त्या बाईला विचारलं. आणि बघा, किती आदबीनं विचारलं. दुकानात आलेल्या माणसाला जसं विचारत असतील तसंच.

आणि आठवण राहिली नाही म्हणून भावनाही राहत नाही असं नसतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली यावर अभ्यास छापला. अल्झायमरच्या पेशंटना त्यांनी सिनेमांचे तुकडे दाखवले, एकदा रडवणारे आणि एकदा हसवणारे. थोड्या वेळानं विचारलं तर बहुतेकांना काय बघितलं ते नीट सांगता येईना, पण वाईट वाटणं किंवा बरं वाटणं मात्र तसंच टिकून होतं. म्हणजे तुम्ही दीडला निघालात, दोनला त्यांना विचारलं की कोण आलं होतं तर म्हणतील कोणी नाही, पण संध्याकाळचा चहा कदाचित कुरकुर न करता पितील. आईच्या इथल्या मावशी मला हेच सांगायच्या, "ताई, तुम्ही येऊन गेला की आजी त्या दिवशी आंघोळीला भांडत नाहीत." त्यांनी कुठला अभ्यास वाचला नव्हता.

बोलू काय म्हणून विचारलंय. अहो, तुमचे अण्णा ३८ वर्षं हळदीत होते! पुढच्या वेळी पर्समध्ये चार-सहा हळकुंडं घेऊन जा, किराणा दुकानातली चालतील, राजापुरी मिळाली तर उत्तमच. त्यांच्या तळहातावर ठेवा आणि थोडा वेळ गप्प बसा. हळदीतला माणूस हळकुंड आधी हातात खेळवतो, मग नखानं वरनं खरवडतो, मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडतो, चांगलं शिजून वाळलेलं असलं की कट्ट करून खणखणीत आवाज येतो, आणि मग तुटलेली बाजू उजेडाकडं करून आतला केशरी रंग बघतो आणि नाकाशी नेतो. नावं, वार, तारखा विसरल्या तरी हाताच्या सवयी फार उशिरापर्यंत टिकतात, कारण मेंदूत त्यांची जागाच वेगळी आहे. माझ्या आईला माझं नाव यायचं नाही पण कापूस पुढं ठेवला की सरकी काढून, पेळू विंचरल्यासारखा मोकळा करून, दुधाचं बोट लावून शेंडा पिळून अशी फुलवात उभी करायची की मला आजही तशी जमत नाही. तिच्या वाती मी घरी आणून देवापाशी लावायचे आणि पुढच्या वेळी तिला सांगायचे, तुझ्या वाती चांगल्या जळल्या गं. ती खूश व्हायची. कुठल्या वाती ते तिला माहीत नसायचं.

तर "माल कसा आहे अण्णा?" एवढंच विचारा. हा असा प्रश्न आहे की त्याचं उत्तर चुकत नाही. हरिपूरच्या पेवांचं विचारा. जमिनीखालच्या त्या पेवांत पूर्वी हळद साठवायचे हे सांगलीतल्या त्यांच्या वयाच्या दिवाणजीला सांगावं लागणार नाही, उलट तेच तुम्हाला सांगतील की पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आधी आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची. तीच गोष्ट दर रविवारी सांगतील. दर रविवारी पहिल्यांदा ऐकताय असं ऐका. एक जुनी कीर्दवही किंवा हिशोबाची कोरी पट्टी आणि पेन द्या, पानभर आकडे लिहीत बसले तर बसू दे, बेरीज तपासू नका. आणि हळकुंडं येताना मोजून परत आणा, तोंडात घालून घशात अडकायला नको.

गाणं, भजन, आरती हेही करून बघा. बोलणं तुटक झालेली माणसं सुखकर्ता दुखकर्ता पूर्ण म्हणतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकीनं सुरू केलं आणि हॉलमधल्या सात जणी टाळ्या वाजवत सूर धरायला लागल्या. ज्यांना स्वतःचं आडनाव सांगता येत नव्हतं त्या.

आता आईचं. तुम्ही पहिल्यांदा खरं सांगितलं त्यात तुमची चूक नाही, कुणीही तेच केलं असतं. पण त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते, आई त्यांच्या डोळ्यांसमोर त्याच क्षणी जाते, आणि दुःख उरतं पण कशाचं ते हरवतं. म्हणून दर वेळी सांगू नका. खोटं रचायची पण गरज नाही, "येईल आत्ता, रिक्षात आहे" असं म्हणालात की ते दाराकडं डोळे लावून बसतील. "आईची आठवण आली व्हय अण्णा? आईच्या हातचा चहा कसा असायचा?" असं विचारून त्यांना बोलू द्या. बायको कुठाय विचारणाऱ्या माणसाला बरेचदा पत्ता नको असतो, त्याला एकटं वाटत असतं किंवा चहाची वेळ झालेली असते. आणि एखाद्या दिवशी अगदी शुद्धीवर असल्यासारखे तुमच्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं की "ती गेली का गं?" तर मात्र हो म्हणा, हात धरून बसा, दोघं मिळून रडा. त्या दिवशी टाळू नका.

"घरी ने" यावर "हेच तुमचं घर आता" असं कधी म्हणू नका. खूप लागतं ते. घर म्हणजे दर वेळी तुमचं राहतं घर असेल असं नाही, माझी आई घर म्हणायची तेव्हा तिला कवलापूरचं माहेरचं घर हवं असायचं, जे पाडून तीस वर्षं झाली होती. "घरी कोण कोण आहे अण्णा? दारात झाड कुठलं होतं?" असं विचारा. आणि त्याच वेळी बघा की लघवीला लागलीय का, डायपर ओला आहे का, गुडघा दुखतोय का, भूक लागलीय का, कारण "मला इथं बरं वाटत नाहीये" हे सांगायला त्यांच्याकडं आता तेवढे दोनच शब्द उरलेत. अंधारून यायला लागलं की अशा माणसांची घालमेल वाढते, म्हणून तुमची सकाळची वेळ एकदम चांगली आहे, तीच ठेवा.

बॅग आधीच तिथल्या ऑफिसात ठेवून या, त्यांच्यासमोर खांद्याला लावू नका. जेवणाचं ताट आलं की निघायचं. मावशी त्यांच्याजवळ बसल्या, पहिला घास गेला की उठायचं. आणि आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, तसंच "येते हं अण्णा" म्हणा आणि या. लांबलचक निरोप नको, "परत रविवारी येईन, रडू नका" वगैरे काही नको. मी आईला सुरुवातीला दहा-दहा मिनिटं समजावत बसायचे आणि तिला तेवढ्यातच कळायचं की काहीतरी वाईट चाललंय.

पावसाळ्याचं आधीच सांगून ठेवते कारण तुम्ही साताऱ्यात असता आणि लक्षात येणार नाही. सांगलीतल्या जुन्या माणसांना जुलै-ऑगस्ट लागला की एकच विचारायचं असतं, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला किती फूट आलं. धोक्याची पातळी ४५ फूट हे इथं पोराबाळांना पाठ आहे. २००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय, त्यातनं ज्यांनी माल हलवलाय, त्यांच्या अंगात ती भीती बसलेली असते आणि पत्र्यावर पावसाचा आवाज आला की ती जागी होते. आईच्या शेजारच्या खोलीत एक आजोबा होते, ते रात्री उठून गादी गुंडाळायला लागायचे. स्टाफ म्हणायचा, झोपा, पूर बीर काही नाही. ते आणखी चिडायचे, कारण त्यांना पाणी दिसत होतं. मग एका ब्रदरनं सांगितलं, "आजोबा, पाणी उतरायला लागलंय, आपला माल वर चढवलाय, मी स्वतः मोजून आलो." झोपले. तुमच्या अण्णांनी विचारलं तर त्यांनाही असंच सांगा.

पेढ्यांचं बघा. शुगर आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. नसली तरी आधी सिस्टरना विचारा की गिळताना ठसका लागतो का, कारण हा आजार पुढं सरकला की गिळणंही अवघड होत जातं. पेढा पाण्यात किंवा दुधात कुस्करून भरवता येतो पण भडंग, शेंगदाणे, फुटाणे असलं कोरडं अजिबात नको. सरळ बसवून, छोटा घास, तोंड रिकामं झालं बघून दुसरा.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. हा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. दोन-तीन दिवसांत एकदम फरक पडला, जास्तच बरळायला लागले, भास व्हायला लागले किंवा उलट एकदम सुस्त पडून राहिले, तर ते "आजार वाढला" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला लावा. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, सोडियम उतरणं, नवीन गोळी सुरू झालेली असणं, यातलं काहीतरी असू शकतं आणि बरेचदा उपचारानं माणूस परत पहिल्या जागी येतो.

रडायचं म्हणाल तर रडा. पण बाथरूममधनं बाहेर येऊन लगेच एसटी स्टँड गाठू नका. अर्धा तास कृष्णेच्या घाटावर जाऊन बसा, किंवा गणपतीच्या देवळात टेका, एक चहा घ्या, मग जा. मी ते चार वर्षं केलं नाही. घरी येऊन पोरांवर चिडायचे.

प्रश्न : मी तासगावची, सासूबाई ८२ वर्षांच्या, आठ महिने झाले नर्सिंग होममध्ये आहेत. भेटायला गेलं की सांगतात, "हिनं माझ्या पाटल्या चोरल्या, हे मला उपाशी ठेवतात, मारतात." पाटल्या तर आमच्या कपाटात आहेत. पण दिरांनी ते ऐकलं आणि घरी येऊन भांडण, तुम्ही आईला टाकून दिलं म्हणून. भावकीतही बोलतात. मला रात्रीची झोप नाही. त्यांचं खरं मानायचं का आजार म्हणायचं?

उत्तर : दोन्ही शक्य धरून चालायचं. आपली वस्तू कुणीतरी चोरली असं वाटणं हे या आजारात फार होतं, कारण कुठं ठेवली ते आठवत नाही आणि मग डोक्याला दुसरं कारण सापडत नाही. पाटल्यांवरनं वाद घालू नका, "बघते मी, नीट ठेवलेत" म्हणा आणि विषय बदला. सोनं, नथ, पैसे काहीच तिथं ठेवू नका, काचेच्या बांगड्या पण नको, हातात फुटल्या की लागतं, कातडी पातळ असते.

पण "मारतात, उपाशी ठेवतात" हे आजार म्हणून झटकायचं नाही. तपासायचं. आठ महिन्यांपूर्वीचं वजन आणि आत्ताचं वजन मागा, दर महिन्याला लिहून ठेवतात का विचारा. कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी, न सांगता जा. वेणी घालायच्या निमित्तानं मान, दंड बघा, तेल लावायच्या निमित्तानं टाचा आणि माकडहाड बघा, तिथं लाल झालं असेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. मनगटावर बांधल्यासारखे वळ आहेत का. रात्री किती जणांमागं एक माणूस असतो ते सरळ विचारा, उत्तर द्यायला कोण चाचरतं ते बघा. आणि सासूबाई कुठल्या मावशींकडं बघून हसतात आणि कुणी आलं की अंग चोरतात, हे सगळ्यात आधी बघा. शब्द चुकतील त्यांचे, अंग चोरणं चुकत नाही. खरंच काही आढळलं तर फोटो काढा, मालकांना लेखी द्या, आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तिथं बोला.

ज्या मावशी चांगलं बघतात त्यांना नावानं ओळखा, त्यांच्या पोरांची चौकशी करा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगापाशी लावा, यांना काय हाक मारायची, चहा कसा लागतो, आंघोळ आधी का देवपूजा आधी, कुठल्या कुशीवर झोपतात, कशाला घाबरतात. स्टाफ बदलत असतो, नव्या पोरीला तो कागद फार उपयोगी पडतो.

दिरांचं काय? त्यांच्याशी भांडू नका, त्यांना वेळ द्या. महिन्यातले दोन वार त्यांचे. तिथं एक वही ठेवा, जो जाईल त्यानं तारीख घालून लिहायचं, आज काय खाल्लं, काय बोलल्या, मूड कसा होता. सहा महिन्यांनी ती वही वाचली की बाहेरून बोलणाऱ्याला पण कळतं कोण किती येतंय. आणि भावकीला सांगा, लाजायचं काही नाही, २०२३ साली छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत साठीच्या पुढच्या दर शंभरात सात-साडेसात जणांना हा आजार आढळलाय. म्हणजे तासगावात तुमचं घर एकटं नाही, बाकीच्यांनी दार लावून घेतलंय एवढंच. रात्री तीनदा उठणारं, कपडे बदलू न देणारं, दार उघडून जाणारं माणूस एका सुनेनं चोवीस तास सांभाळणं शक्य नसतं, हे मी माझ्या आईला ठेवताना स्वतःच्या तोंडानं म्हणू शकले नव्हते, तुम्ही म्हणा.

प्रश्न : मी विट्याचा, वय १९, इंजिनियरिंगला सांगलीत शिकतो. माझी आजी सांगलीतच एका होममध्ये आहे. लहानपणी तिनंच मला सांभाळलंय. आता मी गेलो की ती मला "दादा" म्हणते, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तो वारून खूप वर्षं झाली. मी सांगतो आजी मी तुझा नातू, तर ती गोंधळते. फार वाईट वाटतं. मित्र म्हणतात नाटक करू नकोस. आठवड्यातनं एकदा जातो, अर्धा तास पण काढवत नाही.

उत्तर : बाळा, वीस मिनिटं बसलास तरी खूप आहे, घड्याळ लावून बसू नकोस. एकदा "आजी, मी आलो" म्हण आणि मग ती दादा म्हणाली तर ओ दे. यात नाटक काही नाही, ती तुला तिच्या सगळ्यात भरवशाच्या माणसाच्या जागी बसवतीय. घरी आईला विचारून ठेव हा दादा कोण होता, काय करायचा, तिला काय आणून द्यायचा, म्हणजे तुला बोलायला विषय मिळेल.

बोलणं सुचलं नाही तर तिचे हात चोळ. थोडं खोबरेल नेत जा, एकेक बोट हळू चोळायचं, नखं वाढली असतील तर सिस्टरना सांगायचं. व्हीलचेअरवर असेल तर विचारून अंगणात ने, उन्हात बस. तिनं लहानपणी तुला जे म्हणून झोपवलं ते आठवत असेल तर तूच म्हण, आवाज कसा का असेना. परीक्षा असली आणि जमलं नाही तर तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून मावशींच्या फोनवर पाठव, त्यांना विनंती कर की जेवताना लावा.

आणि तुझ्या आईला एक विचारून घे, आजीची बी-१२ आणि थायरॉइडची टेस्ट कधी केली होती. या दोन्हींत बिघाड असला की विसरणं आणखी वाढतं, आणि त्यावर गोळ्या-इंजेक्शनं आहेत. केली नसेल तर पुढच्या भेटीआधी डॉक्टरांशी बोला.

पुढच्या वेळी जाताना तेलाची बाटली छोटी ने, मोठी तिथं हरवते.